टीव्ही एचडी, पॅक एचडी, तरी चित्र खराब? दोष नेमका कुठे आहे ते असं ओळखा

५५ इंची नवा टीव्ही भिंतीवर चढतो, डीटीएच जोडलं जातं आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, "जुन्या टीव्हीवर यापेक्षा चांगलं दिसायचं." गंमत म्हणजे हे म्हणणं बऱ्याचदा खरं असतं. पुढचा क्रम ठरलेला आहे. कस्टमर केअरला फोन जातो, टेक्निशियन येतो, व्हिजिटचे पैसे घेतो, डिश जराशी हलवतो आणि चित्र होतं तसंच राहतं. कारण दोष डिशमध्ये नसतोच.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट बघायची: चित्र तुटतंय की धूसर आहे?

जुन्या अँटेनाच्या काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, माणसांच्या मागे सावल्या दिसायच्या. गच्चीवर जाऊन अँटेना फिरवला की चित्र हळूहळू सुधारायचं. डिजिटल प्रक्षेपणात तसं होत नाही. इथे चित्र आकड्यांच्या रूपात येतं आणि वाटेत झालेल्या किरकोळ चुका सेट टॉप बॉक्स स्वतःच दुरुस्त करतो. त्याच्या क्षमतेबाहेर चुका झाल्या की चित्राचे चौकोन होतात, चित्र अडकतं, आवाज तुटतो आणि शेवटी 'नो सिग्नल' येतं. म्हणजे कमकुवत सिग्नलमुळे चित्र तुटतं, पण चेहरे पुसट किंवा रंग फिके होत नाहीत. चित्र सलग पण धूसर असेल, तर डिशला हात लावण्यात काही अर्थ नाही.

चित्र धूसर असेल तर

सगळ्यात आधी चॅनेलचं नाव नीट वाचा. झी मराठी आणि झी मराठी एचडी या दोन वेगळ्या वाहिन्या आहेत, स्टार प्रवाहचंही तसंच. दोन्हींचे नंबर वेगळे आणि दरही वेगळे. घरातल्या मंडळींच्या बोटांना जुना एसडी नंबर पाठ असतो, त्यामुळे एचडी पॅकचे पैसे भरूनही रोज एसडीच बघणारी घरं कमी नाहीत. २०१९ मध्ये लागू झालेल्या ट्रायच्या दररचनेत तर चॅनेल मोजताना एक एचडी चॅनेल दोन एसडी चॅनेलइतका धरला गेला. एवढं मोजून तो बघायचाच नाही, हे महागात पडतं.

फरक किती मोठा आहे ते बघा. एसडी चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके. फुल एचडी १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार, बरोबर पाचपट. फोरके टीव्हीच्या पडद्यावर जवळपास ८३ लाख ठिपके असतात. एसडी चॅनेल लावला की टीव्हीला मूळच्या एका ठिपक्यातून २० ठिपके भरावे लागतात. मधली माहिती त्याच्याकडे नसते, तो ती अंदाजाने भरतो. जुना २१ इंची टीव्ही हेच चित्र छोट्या पडद्यावर दाखवायचा, म्हणून ते रेखीव वाटायचं. डीडी फ्री डिशवरचे बहुतेक चॅनेल एसडी आहेत, तिथे महागडा टीव्हीही फार काही करू शकत नाही. आणि एचडी चॅनेलवर जुनी मालिका लागली असेल, तर ती मुळातच कमी ठिपक्यांत चित्रित झालेली असते.

चॅनेल खरोखर एचडी असूनही चित्र पुसट असेल, तर बॉक्सच्या मागची वायर बघा. पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांची एव्ही केबल फक्त एसडी चित्र नेऊ शकते. जुन्या टीव्हीची हीच केबल नव्याला लावलेली अनेक घरांत सापडते. एचडीएमआय केबल लावा आणि टीव्हीच्या सोर्समध्ये तोच एचडीएमआय पोर्ट निवडा. त्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल घ्यायची गरज नाही. साधी, धड केबल या कामाला पुरते.

त्यानंतर बॉक्सचं सेटिंग. डिस्प्ले किंवा व्हिडिओ सेटिंगमध्ये रिझोल्यूशन ५७६ वर असेल तर ते १०८० करा. माणसं आडवी ताणलेली दिसत असतील तर आकारमान ४:३ वरून १६:९ करा. टीव्हीच्या सेटिंगमधला शार्पनेस मात्र वाढवू नका, उलट कमी करून बघा. शार्पनेसने तपशील वाढत नाही, फक्त कडा गडद होतात आणि चित्रातले दोष जास्त उठून दिसतात. दुकानात डोळ्यांत भरणारा 'व्हिव्हिड' मोडही घरी नको, त्याऐवजी 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' ठेवा.

शंका टीव्हीबद्दलच असेल, तर त्याच टीव्हीवर पेन ड्राइव्हवरून एखादा एचडी व्हिडिओ लावा. तो स्वच्छ दिसला तर पडदा ठीक आहे.

चित्र तुटत असेल तर

आपल्याकडे पहिला आरोपी पाऊस, आणि तो बहुतेक वेळा खरा असतो. डीटीएच केयू बँडवर चालतं. या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून आलेली ही लहर शेवटच्या काही किलोमीटरमध्ये मुसळधार पावसात शोषली जाते, विखुरते. केबलवाल्याच्या मोठ्या डिश बहुधा सी बँडच्या, जास्त लांबीच्या लहरी पकडतात, म्हणून शेजारी केबल चालू आणि आपलं डीटीएच बंद असं होतं. पाऊस ओसरला की काही मिनिटांत चित्र परत येतं. तोवर निसरड्या गच्चीवर किंवा पत्र्यावर चढून डिश हलवणं हा जिवाशी खेळ आहे. पण साध्या रिमझिम सरीतही चित्र जात असेल, तर दोष पावसाचा नाही. डिशची दिशा आधीपासूनच थोडी चुकलेली आहे आणि ती दुरुस्त करून घ्यायला हवी.

बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलची दोन मापं दिसतात: स्ट्रेन्थ आणि क्वालिटी. बहुतेकजण पहिलं वाचतात, पण महत्त्वाचं दुसरं. स्ट्रेन्थमध्ये गोंगाटही मोजला जातो. स्ट्रेन्थ भरपूर आणि क्वालिटी शून्याजवळ असेल, तर डिश बहुधा हललेली आहे. दोन्ही शून्य असतील, तर केबल किंवा डिशच्या दांड्यावरचा छोटा डबा, म्हणजे एलएनबी, तपासावा लागतो. काही चॅनेल स्वच्छ आणि काही पूर्ण गायब, असं असेल तर आधी त्यांचा पॅक संपलेला नाही ना ते बघा. पॅक चालू असेल तर एलएनबीकडे बघा. बॉक्स त्याला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून लहरींची उभी किंवा आडवी दिशा निवडायला सांगतो. यात गडबड झाली की एका दिशेचे सगळे चॅनेल जातात.

कोकणात आणि मुंबईत जास्त दगा देतो तो केबलचा जोड. त्यात पाणी शिरतं, आतली तार हिरवी पडते. बॉक्सचा प्लग काढून जोड उघडून बघा. काळाहिरवा थर दिसला तर तेवढं टोक कापून नवा कनेक्टर लावायचा. केबल घरात शिरते तिथे ती थोडी खाली लोंबती ठेवली की पाणी तिथेच ठिबकून जातं.

झाडही विसरू नका. महाराष्ट्रात बहुतेक डिश दक्षिण-आग्नेयेच्या बाजूला तोंड करून असतात, पण त्या दिसतात तितक्या खाली बघत नाहीत. त्यांच्या बनावटीमुळे त्यांची नजर बरीच वर असते. कनेक्शन घेतलं तेव्हा लहान असलेला आंबा पाच वर्षांत त्या वाटेत येतो. फांदी ओली झाली की अडथळा आणखी वाढतो.

मार्चमध्ये आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, स्वच्छ उन्हात, दुपारच्या आसपास काही मिनिटं चित्र गेलं तर काहीच करू नका. त्या वेळी सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याचा गोंगाट डिशमध्ये भरतो. हा प्रकार काही दिवस चालतो आणि आपोआप थांबतो.

एक दोष मात्र घरातून दुरुस्त होत नाही. एकाच वाटेने बरेच चॅनेल पाठवायचे म्हणून कंपनी चित्र दाबून लहान करते. क्रिकेटच्या सामन्यात कॅमेरा वेगाने फिरला की मैदानावरचं गवत हिरव्या लगद्यासारखं दिसतं, ते यामुळे. त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याकडेही तसंच दिसत असेल, तर टेक्निशियनला बोलावून उपयोग नाही, तक्रार कंपनीकडेच करायला हवी.