काळयंत्रातून त्र्यंबकेश्वरला उतरणार कोण?

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात पोहोचतात, जिथे १७६१ चे पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. कथा छानच. पण प्रवासी आपल्या वस्तीतला घ्या आणि त्याला नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेल्या त्र्यंबकेश्वराच्या दारात उतरवा. पोशाख, नाणी, मोडी अक्षर, सगळे लेखकाने अचूक लिहिले. पण दारात त्याला कोणी अडवलेच नाही, तर तो इतिहास खोटा! पेशवाई बुडून शंभर वर्षे उलटल्यावरही जवळच्याच नाशिकात २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांना काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह सुरू करावा लागला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे लढवला, तरी दार बंदच राहिले. मग पानिपत जिंकून ते कोणासाठी उघडले असते?