लसीकरणानंतरचे गृह विलगीकरण : नियम काय होते आणि का होते?

लसीचे दोन्ही डोस पूर्ण झालेल्या व्यक्तीला कोरोनाची बाधा झाली, तर तिने घरातल्या घरात वेगळे राहण्याची आवश्यकता होती काय? २०२१ च्या उत्तरार्धात आणि २०२२ च्या प्रारंभी हा प्रश्न आपल्या शहरातील असंख्य कुटुंबांत विचारला गेला. "दोन्ही डोस झाले आहेत, आता खोलीत कशाला बसायचे?" असे म्हणणारे घरोघरी होते. त्या वेळी शासनाचे नियम काय सांगत होते आणि त्यांच्यामागे कोणता विचार होता, हे आम्ही येथे गारखेडा परिसरातील घरे डोळ्यांसमोर ठेवून मांडीत आहोत. साथ ओसरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. पुढे दिलेले नियम आज बंधनकारक नाहीत. तथापि श्वसनमार्गाचा कोणताही संसर्गजन्य आजार घरात शिरला की हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून ही माहिती जपून ठेवण्याजोगी आहे.

दोन शब्द, दोन अर्थ

साथीच्या काळात दोन शब्दांची नेहमी गल्लत होत असे. ज्याला रोगाची बाधा झाल्याचे चाचणीतून स्पष्ट झाले आहे, त्याला इतरांपासून वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण. जो बाधित व्यक्तीच्या निकट संपर्कात आला, परंतु ज्याला बाधा झाली की नाही हे अद्याप ठाऊक नाही, त्याने काही दिवस वेगळे राहणे म्हणजे अलगीकरण. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात ज्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारला गेला, ते घरी अलगीकरणात असलेले लोक होते. हा भेद ध्यानात ठेवल्यास पुढील सारे विवेचन सोपे होईल.

'पूर्ण लसीकरण' या संज्ञेचाही नेमका अर्थ होता. महाराष्ट्र शासनाच्या २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशानुसार, दोन्ही डोस घेतल्यानंतर १४ दिवस उलटले की प्रौढ व्यक्तीचे लसीकरण पूर्ण झाले असे मानले जाई. दुसरा डोस काल घेतला आणि आज आपण सुरक्षित झालो, असा समज या व्याख्येत बसत नव्हता.

दिवसांचा हिशेब

सौम्य लक्षणे असलेल्या रुग्णांना घरीच ठेवण्याबाबत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वेळोवेळी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांतील मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत गेली. १० मे २०२० च्या सूचनांनुसार लक्षणे सुरू झाल्यापासून १७ दिवस आणि शेवटचे १० दिवस तापाविना, असा नियम होता. २ जुलै २०२० रोजी तो १० दिवस आणि ३ दिवस तापाविना असा झाला. त्यानंतर आणखी ७ दिवस घरीच राहून प्रकृतीवर लक्ष ठेवण्यास सांगितले होते. २८ एप्रिल २०२१ च्या सूचनांत किमान १० दिवस आणि ३ दिवस तापाविना हा नियम कायम राहिला. ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा, ५ जानेवारी २०२२ रोजी, ही मुदत चाचणीचा अहवाल बाधित आल्यापासून किमान ७ दिवस आणि सलग ३ दिवस तापाविना इतकी करण्यात आली.

एकाच घरातील तीन माणसे तीन वेगवेगळ्या काळात आजारी पडली असतील, तर तिघांनाही वेगवेगळी मुदत सांगितली गेली. त्यामुळे नियमांविषयी अविश्वास निर्माण झाला, हे नाकारता येणार नाही. परंतु विषाणूविषयीचे ज्ञान वाढत गेले आणि त्याची रूपेही बदलत गेली, तसे नियम बदलले.

लस घेतलेल्या रुग्णास सवलत होती काय?

या प्रश्नाचे सरळ उत्तर 'नव्हती' असे आहे. २८ एप्रिल २०२१ आणि ५ जानेवारी २०२२ या दोन्ही सूचनांत बाधित व्यक्तीची मुदत तिने लस घेतली आहे की नाही यावर ठरत नव्हती. एक डोस असो, दोन असोत वा एकही नसो, खोली वेगळी आणि मुदत तीच.

मग गैरसमज कोठून आला? आमच्या मते त्याची दोन कारणे होती. पहिले कारण म्हणजे घराबाहेर लसीच्या प्रमाणपत्राला आलेले महत्त्व. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकल गाड्यांत पूर्ण लसीकरण झालेल्यांना प्रवेश मिळाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यात, लसीकरण राज्याच्या सरासरीहून मागे असल्याने, जिल्हाधिकाऱ्यांनी एकही डोस न घेतलेल्यांना रेशन, स्वयंपाकाचा गॅस आणि पेट्रोल देऊ नये असा आदेश काढला. पेट्रोल पंपापर्यंत चालणारे हे प्रमाणपत्र घरातही चालेल, असे लोकांना वाटू लागले तर त्यात नवल नाही. परंतु ते प्रमाणपत्र निरोगी माणसाच्या वावरासाठी होते. आजारी माणसाला घरात मोकळे फिरण्याचा तो परवाना नव्हता.

दुसरे कारण म्हणजे परदेशातून येणारी माहिती. ज्यांची मुले इंग्लंड-अमेरिकेत आहेत, त्यांना दूरध्वनीवरून वेगळाच नियम ऐकू येई. इंग्लंडमध्ये १६ ऑगस्ट २०२१ पासून पूर्ण लसीकरण झालेल्यांना वेगळे राहण्यातून सूट मिळाली होती, हे खरे. परंतु ती सूट केवळ बाधितांच्या संपर्कात आलेल्यांना होती. चाचणीत बाधित आढळलेल्या व्यक्तीला तेथेही वेगळे राहावेच लागे. अमेरिकेतही लस घेतलेल्या संपर्कातील व्यक्तींना अलगीकरणातून सूट होती. मात्र जुलै २०२१ पासून त्यांना चाचणी करून घेण्यास आणि घराबाहेर बंदिस्त जागेत मास्क वापरण्यास सांगितले गेले. म्हणजे परदेशातील सवलत अलगीकरणापुरती होती. आपल्याकडील लोकांनी ती विलगीकरणाला लावली.

असे का?

लस आपल्याला गंभीर आजारापासून आणि मृत्यूपासून वाचवते. परंतु आपल्याकडून दुसऱ्याला होणारा संसर्ग ती पूर्णपणे थांबवत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका किनारी गावात मोठ्या गर्दीनंतर ४६९ बाधित आढळले. त्यांपैकी ३४६ जणांचे लसीकरण पूर्ण झालेले होते. रुग्णालयात दाखल करावे लागलेले मोजकेच होते आणि मृत्यू एकही झाला नाही. लसीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या एकाच घटनेत दिसतात.

घरांच्या संदर्भात अधिक बोलका अभ्यास लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. डेल्टा विषाणूने बाधित रुग्णांच्या घरांतील लोकांवर त्यांनी लक्ष ठेवले. घरातील लस घेतलेल्यांपैकी सुमारे २५ टक्के लोकांना संसर्ग झाला, तर लस न घेतलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के लोकांना. आता प्रथम आजारी पडलेल्याचा विचार करू. त्याने लस घेतलेली असो वा नसो, घरात संसर्ग पसरण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. लस घेतलेल्यांच्या शरीरातील विषाणू लवकर कमी होत गेला, पण आजाराच्या ऐन भरात तो इतरांच्या एवढाच होता.

गारखेड्यातील एक घर

५ जानेवारी २०२२ ची स्थिती आठवावी. सूतगिरणी चौक किंवा पुंडलिकनगरच्या बाजूचे दोन-तीन खोल्यांचे एखादे घर कल्पनेत आणू. कामावर जाणारा मुलगा दोन डोस घेतलेला; त्याला थोडा ताप, घसा खवखवतो, चाचणी बाधित. घरात मधुमेह असलेले वृद्ध वडील. साठ वर्षांवरील सहव्याधी असलेल्यांचा खबरदारीचा डोस १० जानेवारीपासून सुरू व्हायचा होता आणि तोही दुसऱ्या डोसनंतर नऊ महिने झाले असतील तरच. सोळा वर्षांच्या मुलीचे लसीकरण नुकतेच ३ जानेवारीला खुले झालेले. दहा वर्षांच्या मुलाला लस नाहीच. राष्ट्रीय मोहीम बारा वर्षांखालील मुलांपर्यंत अखेरपर्यंत पोहोचली नाही. मुलाला आजाराचा फारसा त्रास नाही, कारण त्याने लस घेतली आहे. धोका आहे तो वडिलांना. घरात लस घेतलेल्या रुग्णाने सात दिवस दार लोटून बसायचे, ते स्वतःसाठी नव्हे तर या वडिलांसाठी.

नियमांनी रुग्णासाठी हवेशीर खोली, उघड्या खिडक्या आणि सतत तीन पदरी मास्क सांगितला होता. मास्क आठ तासांनी, किंवा ओला झाल्यास त्याआधीच बदलायचा. वापरलेला मास्क तुकडे करून कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवूनच टाकायचा. ताट, वाटी, पेला, टॉवेल, चादर यांपैकी काहीही कोणाशी वाटून घ्यायचे नाही. हात साबणाने निदान ४० सेकंद धुवायचे.

ज्या घरात स्वतंत्र खोलीच नाही, तेथे काय करावे? आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ते पिंपांत आणि टाक्यांत साठवले जाते आणि सारे घर त्याच साठ्यातून घेते. अशा घरात रुग्णाने पिंपात हात वा पेला न बुडविता त्याला वेगळ्या बादलीत पाणी काढून देणे हा व्यवहार्य मार्ग होता. शौचालय एकच असेल तर रुग्णाने शेवटी जावे आणि नंतर हात लागणारे नळ व कडी पुसून घ्यावी. खोली एकच असेल तर वृद्धांना नातलगांकडे हलविण्यापेक्षा रुग्णाने शासकीय कोविड केंद्रात जाणे अधिक इष्ट होते. चिकलठाणा येथील मेल्ट्रॉनच्या इमारतीत २०२० मध्ये उभारलेले रुग्णालय अशा काळी उपयोगी पडले.

लसीचे खरे स्थान : शुश्रूषा करणारी व्यक्ती

५ जानेवारी २०२२ च्या सूचनांत लसीकरणाचा उल्लेख एका महत्त्वाच्या ठिकाणी आहे. रुग्णाची चोवीस तास काळजी घेणारी व्यक्ती शक्यतो लसीकरण पूर्ण झालेली असावी, असे त्यांत म्हटले आहे. आमच्या मते या नियमांचे मर्म येथे आहे. घराच्या व्यवस्थेत लसीने रुग्णाला सवलत दिली नाही. तिने रुग्णाच्या दाराशी जाऊ शकणारे माणूस दिले.

आपल्याकडे ही जबाबदारी न विचारताच आई, पत्नी वा सून यांच्यावर पडते. त्यांचे स्वतःचे लसीकरण झाले आहे की नाही, हे कित्येक घरांत कोणी पाहिलेही नसेल. बाहेर पडणाऱ्या पुरुषाला प्रमाणपत्राची गरज भासली म्हणून त्याने लस घेतली. घरात राहणाऱ्या स्त्रीचा डोस मात्र राहून गेला. अशा घरात शुश्रूषेचे काम लस घेतलेल्या सदस्याने, मग तो पुरुष का असेना, स्वीकारणे हेच नियमाला धरून होते. रुग्णाच्या खोलीत असताना दोघांनीही मास्क लावावा, शक्यतो एन-९५. भांडी हातमोजे घालून साबणाने धुवावीत. आणि शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःच्या प्रकृतीकडेही लक्ष द्यावे, अशी अपेक्षा होती.

डॉक्टरांना केव्हा कळवावे?

सौम्य आजारात श्वास लागत नाही आणि ऑक्सिजनचे प्रमाण ९३ टक्क्यांहून अधिक असते. तीन दिवसांहून अधिक काळ १०० अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप, धाप लागणे, एका तासात किमान तीन वेळा ऑक्सिमीटरवर ९३ वा त्याहून कमी आकडा येणे, छातीत सतत दाब वा वेदना, बोलण्यात भ्रम अथवा हाक मारूनही जाग न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे, असे नियम होते. लस झाली आहे म्हणून या लक्षणांकडे दुर्लक्ष करण्यास वाव नव्हता. साठ वर्षांवरील वा सहव्याधी असलेल्या रुग्णांना डॉक्टरांनी तपासल्यानंतरच घरी राहता येई. डॉक्टरांच्या सल्ल्याविना स्टेरॉइड घेऊ नये आणि सीटी स्कॅनसाठी धावाधाव करू नये, हेही स्पष्टपणे सांगितले होते.

मुदत संपल्यानंतर

विलगीकरणाचे दिवस पूर्ण झाले, ताप नाही, तर पुन्हा चाचणी करण्याची आवश्यकता नव्हती. तरीही पुष्कळांकडे कामाच्या ठिकाणी 'निगेटिव्ह' अहवाल मागितला गेला आणि रोजंदारीवर जगणाऱ्यांचे आणखी दिवस वाया गेले. नियमाच्या अज्ञानाचा भार गरिबांवर अधिक पडतो, याचे हे उदाहरण होय. मास्क मात्र मुदतीनंतरही वापरायचा होता.

महाराष्ट्रातील निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठले. आज ताप-खोकला झालेल्याला कोणी घरात बसवीत नाही. तो निर्णय त्याचा आणि त्याच्या डॉक्टरांचा आहे. तरीही घरात वृद्ध, गरोदर स्त्री, तान्हे मूल वा दीर्घ आजाराचा रुग्ण असेल, तर चार दिवस वेगळे निजावे, वेगळे जेवावे, तोंडावर मास्क ठेवावा, ही सवय आपण सोडू नये. लसीने आपल्याला बळ दिले. ते बळ घरातील दुर्बळाच्या रक्षणासाठी वापरणे आपल्या हाती आहे.