मणिबेली, वॉशिंग्टन आणि आपली ग्रामसभा

९ ऑगस्ट आला की आपल्या पालघर जिल्ह्यात तारपा वाजतो, मिरवणुका निघतात, पुढाऱ्यांचे बॅनर लागतात. पण तारीख हीच का, हे कुठल्या बॅनरवर नसतं. १९८२ साली याच दिवशी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक भरली. आदिवासींनी आपलं म्हणणं थेट जगापुढे मांडायची ती सुरुवात.

बाहेर बोलून काही होतं का? होतं. उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे.

अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. आज नंदुरबार जिल्ह्यात, तेव्हा धुळ्यात. सरदार सरोवराखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या ३३ आदिवासी गावांपैकी पहिलं. १९८५ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. ज्यांची घरं बुडणार, त्यांना नीट विचारलंच नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदोपत्री वनखात्याची, म्हणून कसणारा 'अतिक्रमणदार'. आपल्याकडच्या वारली-कातकरी माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको.

नर्मदा खोऱ्यातले लोक हटले नाहीत. १९८९ मध्ये मेधा पाटकरांनी अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. १९९० मध्ये जपानने टर्बाइनसाठीचं पुढचं कर्ज थांबवलं. मग बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांची स्वतंत्र समिती नेमली. ती खोऱ्यातल्या गावांत फिरली. जून १९९२ च्या अहवालात तिने लिहिलं की आहे त्या परिस्थितीत सगळ्यांचं पुनर्वसन शक्य नाही. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनेच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी बँकेला बाधितांच्या तक्रारी ऐकणारं 'इन्स्पेक्शन पॅनल' स्थापन करावं लागलं. १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये असा जाहीरनामा काढला. त्याला नाव दिलं मणिबेलीचं!

धरण मात्र झालंच. देशातला पैसा उभा राहिला आणि मणिबेली पाण्याखाली गेलं. हेही सांगितलंच पाहिजे.

२००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्क जाहीरनाम्याला भारताने पाठिंब्याचं मत दिलं, पण सरकारची भूमिका अशी की सगळेच भारतीय मूळनिवासी. त्यामुळे आपल्याकडे हातात धरायला आहे तो घरचाच कायदा. १९९६ चा पेसा, २००६ चा वनहक्क. अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावीच लागते.

आता बुलेट ट्रेन बघा. वसई, पालघर, डहाणू, तलासरी. कर्ज पुन्हा जपानचंच. कर्ज देणाऱ्या जायकाच्या नियमावलीत बाधित आदिवासींना आधी माहिती देऊन त्यांच्याशी चर्चा करण्याची अट आहे. जिल्ह्यातल्या कित्येक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, तरी भूसंपादन झालं. विरार स्टेशनातून ती गाडी पकडताना आपणही हे लक्षात ठेवू.

गावकऱ्यांना एकच सांगणं. ठरावाची शिक्क्यानिशी प्रत मागा, सांभाळून ठेवा, प्रकल्पाचे कागद मराठीत मागा. मोर्स समिती गावात आली तेव्हा लोकांकडे सांगायला होतं. उद्या कुणी विचारायला आलं, तर आपल्याकडेही दाखवायला असू दे.