सलोमे : सूड कोणाचा, वचन कोणाचे?

धर्मग्रंथातील कथा रंगभूमीवर येते तेव्हा तिच्यातील मुख्य घटना बहुधा कायम राहते. बदलते ते तिचे कारण. आणि कारण बदलले की दोषाचा धनीही बदलतो. ऑस्कर वाइल्ड यांची ‘सलोमे’ ही शोकांतिका या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

यहुदी इतिहासकार योसेफस याने इ. स. ९३ च्या सुमारास दिलेला वृत्तान्त अगदी कोरडा आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाभोवती जमणाऱ्या लोकांतून बंड उद्भवेल, या भीतीने हेरोद अंतिपास याने त्याला माखेरस येथील किल्ल्यात ठार केले. या वृत्तान्तात नृत्य नाही, तबकातील शिरही नाही. हेरोदियेच्या मुलीचे ‘सलोमे’ हे नाव योसेफसच देतो, परंतु ते वंशावळ सांगताना. मार्काच्या शुभवर्तमानात (अध्याय ६) राजकीय भीतीची जागा राणीचे वैर घेते. भावाच्या पत्नीशी हेरोदाने केलेला विवाह योहानाने निषिद्ध ठरविला, हे त्या वैराचे मूळ. नृत्यावर प्रसन्न होऊन हेरोद अर्ध्या राज्यापर्यंत काहीही देण्याची शपथ घेतो आणि ती निनावी मुलगी आईला विचारून योहानाचे शिर मागते.

वाइल्ड यांनी १८९१ मध्ये हे नाटक फ्रेंच भाषेत लिहिले. त्यात सलोमेच योहानावर आसक्त होते. तो तिचा धिक्कार करतो आणि ती त्याचे शिर स्वतःसाठी मागते. आईचे वैर अशा रीतीने मुलीच्या तृष्णेत रूपांतरित झाले. बायबलमधील पात्रे रंगमंचावर आणण्यास इंग्लंडमध्ये मनाई असल्याने १८९२ मध्ये लंडनमधील नियोजित प्रयोगास परवानगी नाकारण्यात आली. पहिला प्रयोग ११ फेब्रुवारी १८९६ रोजी पॅरिसमध्ये झाला, तेव्हा नाटककार इंग्लंडच्या तुरुंगात होता.

बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे ‘दिव्यावदाना’तील कुणालाची कथा आठवल्यावाचून राहत नाही. अशोकाची राणी तिष्यरक्षिता सावत्र पुत्र कुणालाच्या नेत्रांवर लुब्ध होते. तो तिला माता म्हणून नकार देतो. पुढे राजाला दुर्धर व्याधीतून बरे केल्याबद्दल ती सात दिवसांचे राज्य मागून घेते आणि राजमुद्रेचे पत्र तक्षशिलेस धाडून कुणालाचे डोळे काढविते. अशोकाच्या उपलब्ध अभिलेखांत या राणीचे नाव नाही. तेव्हा ही कथा इतिहास म्हणून नव्हे, कथा म्हणूनच वाचावयास हवी.

दोन्ही कथांचा सांगाडा एकच आहे : नाकारलेली वासना, तिच्यातून उपजलेला सूड आणि सूडाला शस्त्र पुरविणारे राजाचे अविचारी दान. तृष्णा स्त्रीची असली तरी तलवार राजाची आहे. तरीही शेवटी शिक्षा होते ती स्त्रीलाच. वाइल्ड यांचा हेरोद सलोमेला ठार मारण्याची आज्ञा देतो आणि सैनिक तिला ढालींखाली चिरडतात; अवदानातील अशोक तिष्यरक्षितेला जाळून मारतो. आपल्याच वचनाचा साक्षीदार नाहीसा करून दोघेही राजे निर्दोष ठरू पाहतात.

भेद आहे तो पीडिताच्या स्थानात. योहानाचे शिर ढालीवर येते तेव्हा तो बोलू शकत नाही. प्रेक्षकापुढे उरतो तो केवळ राजाचा निवाडा. कुणाल मात्र जिवंत आहे. राणीविषयी आपल्या मनात क्रोध नाही, असे तो पित्यासमोर सांगतो आणि त्या सत्यवचनाच्या बळावर त्याचे नेत्र परत येतात. राजा त्याचे ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी. पण श्रोत्याने ते ऐकलेले असते. म्हणूनच अवदानाच्या अखेरीस राणीला जाळणाऱ्या अग्नीकडे तो न्याय म्हणून पाहू शकत नाही. वैराला वैराने दिलेले उत्तर, एवढेच त्याला त्यात दिसते. ‘सलोमे’च्या प्रेक्षकाला असा आधार नाही, हेरोदाच्या आज्ञेला न्याय म्हणावे की नाही, हे त्याला एकट्यानेच ठरवावे लागते.