लिनक्सवरील खेळ : कालचा अनुभव आणि उद्यांची आशा

जन्मभर मुलांना इतिहास शिकविणाऱ्या माणसानें व्हिडिओ गेमसारख्या विषयावर बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. पण झालें असें कीं, माझ्या जुन्या संगणकास नवें विंडोज झेपेना, म्हणून मीं त्यावर लिनक्स बसवून घेतलें. सुटींत नातू आला आणि त्यानें पहिलाच प्रश्न केला, "आजोबा, आतां यावर माझे खेळ चालतील का?" या साध्या प्रश्नामागें तीस वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तोच आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

संगणकाच्या अंगची सर्व कामें ज्याच्या हुकमानें चालतात, असा एक कारभारी त्यांत असतो. त्यास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज हा एक कारभारी, लिनक्स हा दुसरा. १९९१ सालीं फिनलंडमधील हेल्सिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या तरुणानें लिनक्सचा गाभा लिहिला. पुढील वर्षापासून तो अशा परवान्याखालीं देण्यांत आला कीं, कोणींही तो वापरावा, वाचावा, सुधारावा व दुसऱ्यास द्यावा. आज जगांतील अत्यंत वेगवान असे ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड फोनांतही तोच गाभा आहे. एवढा मोठा कारभारी, पण खेळांच्या अंगणांत मात्र त्यास कोणी विचारीना !

याचें कारण त्याची दुर्बलता नव्हे. १९९५ सालीं मायक्रोसॉफ्टनें डायरेक्टएक्स नांवाची साधनसामग्री काढली आणि बहुतेक खेळ तिच्याच भाषेंत लिहिले जाऊं लागले. लिनक्सला ती भाषा येत नसे. खेळ नाहींत म्हणून खेळाडू नाहींत आणि खेळाडू नाहींत म्हणून खेळ नाहींत. आधीं बीज कीं आधीं वृक्ष, असा हा पेंच होता.

तो सोडविण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९९८ सालीं कॅलिफोर्नियांत निघालेल्या लोकी या कंपनीनें केला. दुसऱ्यांचे गाजलेले खेळ घेऊन ते लिनक्सकरितां नव्यानें तयार करावयाचे व विकावयाचे, हा तिचा उद्योग. परंतु तिचा खेळ बाजारांत येईपर्यंत तोच खेळ विंडोजवर जुना झालेला असे. गिऱ्हाईक कमी पडलें आणि २००२ च्या जानेवारींत कंपनीचीं दारें बंद झालीं.

दुसरा मार्ग याच्याही आधीं सुरू झाला होता. १९९३ सालीं कांहीं मंडळींनीं वाईन नांवाचें काम हातीं घेतलें. यांत खेळ बदलावयाचा नाहीं. त्याच्या व लिनक्सच्या मध्यें एक दुभाषी बसवावयाचा. खेळ विंडोजकडे जें मागेल, तें या दुभाष्यानें ऐकून लिनक्सकडून करून घ्यावयाचें. हें काम इतकें किचकट कीं, त्याची पहिली पक्की आवृत्ति २००८ सालीं, म्हणजे १५ वर्षांनीं, बाहेर पडली.

पुढें या कथेंत एक धनिक व्यापारी आला. स्टीम या दुकानामार्फत खेळ विकणाऱ्या व्हाल्व्ह कंपनीस २०१२ सालीं धास्ती पडली कीं, विंडोज ८ मध्यें मायक्रोसॉफ्टनें स्वतःचें दुकान मांडलें आहे, उद्यां आपली वाट अडेल. म्हणून तिनें २०१३ सालीं लिनक्सवर स्टीम आणलें व २०१५ सालीं स्टीम मशीन नांवाचीं यंत्रें विक्रीस काढविलीं. तीं चाललीं नाहींत, कारण लिनक्सकरितां लिहिलेले खेळच पुरेसे नव्हते. लोकीची चूक पुनः घडली ! पण व्हाल्व्ह त्यांतून शिकली. २०१८ च्या ऑगस्टांत तिनें वाईनच्याच पायावर उभारलेला प्रोटॉन प्रसिद्ध केला. २०२२ सालीं स्टीम डेक हें हातांत धरून खेळण्याचें यंत्र निघालें. त्यांत लिनक्सच आहे. पण खेळणाऱ्यास तें ठाऊक असण्याचीही गरज नाहीं. आज विंडोजकरितां लिहिलेले हजारों खेळ या मार्गानें चालतात. २०२५ च्या ऑक्टोबरांत स्टीमच्या पाहणींत लिनक्सचा वाटा शेंकडा ३ हून किंचित् अधिक भरला. आंकडा लहान खरा, पण पूर्वीं तो शेंकडा १ च्या आसपास घोटाळत असे.

मग उद्यांचें काय ? दोन शंका राहतात. पहिली, अनेकांनीं मिळून खेळावयाच्या खेळांची. त्यांत लबाडी पकडण्याकरितां पहारेकरी ठेवलेला असतो व तो कित्येकदां संगणकाच्या गाभ्यांतच ठाण मांडूं पाहतो. असे कांहीं खेळ लिनक्सला दारांतूनच परत पाठवितात. 'एपेक्स लेजेंड्स'नें तर २०२४ सालीं चालू असलेली वाट बंद केली. येथें प्रश्न यंत्राच्या ताकदीचा नाहीं. खेळाच्या मालकाची मर्जी व घरधन्याच्या किल्ल्या यांचा आहे. दुसरी शंका अशी कीं, दुभाष्यावर जगणें म्हणजे दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिणें. शिवाय व्हाल्व्हचें मन फिरलें तर ?

या दुसऱ्या शंकेस इतिहासानेंच उत्तर दिलें आहे. लोकी बुडाली, पण तेथें काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनीं १९९८ सालीं सुरू केलेलें एसडीएल हें साधन सर्वांस खुलें होतें, म्हणून तें वांचलें व आजही असंख्य खेळांत राबत आहे. वाईन आणि प्रोटॉन हींही तशींच खुलीं आहेत. कंपनी गेली तरी जें सर्वांच्या हातीं दिलेलें आहे, तें जात नाहीं.

नातवास मीं सांगितलें, "बाळ, तुझे बरेच खेळ चालतील, कांहीं चालणार नाहींत. पण जे अडतील, ते कोणी व कां अडविले, हें मात्र विचारीत जा." त्यानें त्या दिवशीं चार खेळ लावून पाहिले. तीन चालले.