रजोनिवृत्तीवरील उपचार : पुराव्याच्या इतिहासातील एक प्रकरण

रजोनिवृत्ती ही अवस्था पुरातन असली, तरी वैद्यकात तिला स्वतंत्र नाव मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. फ्रेंच वैद्य गार्दान यांनी योजिलेली ‘मेनोपॉज’ ही संज्ञा १८२१ पासून रूढ होत गेली. नावामागोमाग उपचारही आले. त्या शतकाच्या अखेरीस प्राण्यांच्या अंडाशयांचे अर्क दिले जाऊ लागले. १९२९ मध्ये डॉयझी व बुटेनान्ट यांनी परस्परनिरपेक्षपणे इस्ट्रोन हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. आणि १९४२ मध्ये गाभण घोड्यांच्या मूत्रापासून सिद्ध केलेल्या ‘प्रेमारिन’ या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली.

अंगातून उसळणाऱ्या उष्णतेच्या लाटा व रात्रीचा घाम या औषधाने शमतो, एवढाच दावा असता तर पुढील इतिहास साधा झाला असता. परंतु १९६६ मध्ये डॉ. रॉबर्ट विल्सन यांचा ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रजोनिवृत्ती हा संप्रेरकाच्या अभावाचा रोग होय आणि औषधाने स्त्रीचे तारुण्य टिकविता येते, असे त्याचे प्रतिपादन होते. लेखकाच्या संस्थेस औषधकंपन्यांचे अर्थसाहाय्य मिळत असल्याचे मागाहून उघड झाले. तथापि तेवढ्यानेच तो सिद्धान्त खोटा ठरत नाही. तो डळमळला तो प्रत्यक्ष पुराव्याने. केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण कित्येक पटींनी अधिक असल्याचे १९७५ मध्ये दोन शोधनिबंधांनी दाखविले. गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रियांना प्रोजेस्टोजेनही द्यावे, हा पाठ त्यातून मिळाला.

यानंतर हृदयरक्षणाचा दावा पुढे आला. अमेरिकेतील परिचारिकांच्या १९७६ पासून चाललेल्या पाहणीत इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होत असल्याचे दिसले. परंतु औषध घेणारी व न घेणारी स्त्री अन्य बाबतींत समान असते काय? स्वतः होऊन औषध घेणाऱ्या स्त्रिया बहुधा अधिक सुस्थितीतील व प्रकृतीस जपणाऱ्या असत. ही शंका यादृच्छिक वाटणीच्या प्रयोगानेच फिटण्यासारखी होती. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’च्या प्रयोगात १६,६०८ स्त्रियांना संयुक्त संप्रेरके किंवा औषधरहित गोळ्या देण्यात आल्या. २००२ च्या जुलैत तो मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाकाठी स्तनकर्करोगाचे ८, पक्षाघाताचे ८ व हृदयविकाराचे ७ प्रसंग अधिक घडले होते. मांडीचे हाड खुब्याशी मोडण्याचे प्रसंग मात्र ५ ने घटले होते.

येथून दुसऱ्या प्रमादास आरंभ झाला. वार्तेने सर्वत्र भीती पसरली. असंख्य स्त्रियांनी औषध सोडले, आणि तीव्र त्रास असणाऱ्यांनाही ते नाकारले जाऊ लागले. वस्तुतः या प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि प्रश्न दीर्घकालीन रोगप्रतिबंधाचा होता. पन्नाशीतील स्त्रीच्या त्रासाचा नव्हे. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन देणाऱ्या जोडप्रयोगात (२००४) पक्षाघात वाढला, परंतु स्तनकर्करोग वाढला नाही. साठीच्या आतील किंवा रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आतील निरोगी स्त्रीस त्रासदायक लक्षणांसाठी उपचाराचा लाभ सामान्यतः धोक्याहून अधिक असतो, हे मत यानंतर दृढ होत गेले.

भीतीपोटी अनेकजणी वनस्पतिजन्य औषधांकडे वळल्या. तेथे पुराव्याची कसोटी शिथिल करण्याचे कारण नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३५१ स्त्रियांच्या वर्षभराच्या प्रयोगात ‘ब्लॅक कोहोश’ ही वनस्पती औषधरहित गोळीहून सरस ठरली नाही. संप्रेरके मात्र ठरली. ‘कॉक्रेन’ समीक्षेने (२००४) तर असे दाखविले की, औषधरहित गोळीनेही लाटांची वारंवारता सुमारे ५८ टक्क्यांनी घटते. म्हणूनच ‘मला गुण आला’ ही साक्ष प्रामाणिक असूनही औषधाचा पुरावा होऊ शकत नाही.

१९६६ चा अतिविश्वास आणि २००२ नंतरची अतिभीती यांचे मूळ एकच होय : एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्या प्रश्नास लावणे. लक्षणांचे शमन, हृदयाचे रक्षण आणि तारुण्याचे जतन हे तीन भिन्न प्रश्न आहेत. ते वेगळे न ठेवल्याची किंमत एका पिढीतील स्त्रियांनी अनावश्यक औषधाने, तर दुसरीने अनावश्यक यातनेने मोजली. पुराव्याचे वजन करण्यापूर्वी तो कोणत्या प्रश्नाचा आहे हे विचारणे, हेच अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.