परमुलखातील दुकानचाळ

मनुष्य पोटासाठी किंवा प्राणासाठी देशांतर करतो, तेव्हा गाठीचे द्रव्य मागे राहिले तरी अंगचा उद्यम त्याच्याबरोबर येतो. परंतु उद्यमालाही पाय टेकण्यास जागा लागते. आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांनी बाजारपेठेत एका फळीवर माल मांडून संसार उभे केले, हे आपण घराघरांतून ऐकत आलो आहोत. अमेरिकेत गेलेल्या नवागतांना अशी फळी कोठे मिळाली, याचा इतिहास म्हणूनच आपणांस परका वाटू नये.

तिकडे ज्यास ‘स्ट्रिप मॉल’ म्हणतात, ती वस्तुतः दुकानांची एक बैठी चाळ होय. एका ओळीत लहान लहान गाळे आणि पुढे मोटारी उभ्या करण्यास पटांगण, एवढाच तिचा थाट. वॉशिंग्टन शहरातील कनेक्टिकट ॲव्हेन्यूवर 1930 साली ‘पार्क अँड शॉप’ नावाची अशी चाळ उभी राहिली. या प्रकारच्या आरंभीच्या इमारतींत तिची गणना होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, उपनगरे पसरली आणि रस्तोरस्ती अशा चाळी झाल्या. 1956 साली मिनेसोटा राज्यात ‘साउथडेल’ हा छताखालचा भव्य मॉल उघडला. पुढे अशा मॉलांचा बोलबाला झाला आणि बैठ्या चाळींची कुरूप म्हणून हेटाळणी होऊ लागली.

परंतु कुरूपतेचेही एक मोल असते. भव्य मॉलमध्ये ठरलेल्या भाड्याशिवाय विक्रीतील हिस्सा मागण्याची रीत आहे; दुकान उघडण्या-मिटण्याच्या वेळाही मालकच ठरवितो. तेथे नामांकित कंपन्यांचा पाड लागतो, नुकत्याच आलेल्या निर्वासिताचा लागत नाही. बैठ्या चाळीतील जुना गाळा त्या मानाने स्वस्त. आधीच्या भाडेकरूने भटारखाना सोडून दिला असेल, तर खाणावळ घालण्याचा बराच खर्च वाचतो. दारावर आपल्या लिपीत पाटी लावता येते. एक वाणसामानाचे मोठे दुकान चालू लागले की त्याच्या गिऱ्हाइकावर शेजारचा शिंपी, सोनार आणि मिठाईवालाही तरतो.

याचे बोलके उदाहरण वॉशिंग्टननजीक व्हर्जिनिया राज्यात आहे. तेथील क्लॅरेंडन ही जुनी पेठ. उपनगरांत नवी विक्रीकेंद्रे निघाल्यामुळे तिचे गिऱ्हाईक ओसरले; त्यात 1970 नंतरच्या दशकात भुयारी रेल्वेसाठी रस्ते खणले गेले आणि भाडी उतरली. नेमक्या याच काळात, 30 एप्रिल 1975 रोजी सायगाव पडले आणि त्या एका वर्षात लाखाहून अधिक व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत आले. त्यांच्यातील काहींनी क्लॅरेंडनच्या पडत्या भाड्याच्या जागा घेतल्या, आणि ओस पेठेला लोक ‘छोटे सायगाव’ म्हणू लागले.

पुढे 1979 च्या डिसेंबरात रेल्वेचे स्थानक उघडले. जी पेठ कोणालाही नको होती ती सर्वांनाच हवीशी झाली, भाडी चढली आणि पडत्या काळात पेठ जागती ठेवणाऱ्यांनाच गाशा गुंडाळावा लागला. तेव्हा त्यांतील अनेक जण जवळच्या फॉल्स चर्च नगरातील ‘प्लाझा सेव्हन’ नावाच्या दुकानचाळीत गेले. 1984 साली तिला ‘ईडन सेंटर’ हे नाव मिळाले. सायगावातील ईडन नामक दुकानांच्या इमारतीची ती आठवण. सायगावातील ती मूळ इमारत पुढे जमीनदोस्त झाली. नाव मात्र सातासमुद्रापलीकडे टिकले. आज तेथे शंभराहून अधिक दुकाने आहेत, सायगावच्या बेन थान्ह बाजाराची आठवण देणारा घड्याळाचा मनोरा आहे, आणि अस्तंगत दक्षिण व्हिएतनामचा पिवळा ध्वज पटांगणात फडकतो. दूरदूरची कुटुंबे नवे वर्ष साजरे करण्यास येथेच जमतात.

तथापि या यशोगाथेत एक उणीव आहे. दुकाने त्यांची असली तरी जमीन त्यांची नाही. 2023 साली नगराने त्या परिसराच्या विकासाचा आराखडा संमत केला, तेव्हा क्लॅरेंडनचीच पुनरावृत्ती होईल अशी धास्ती अनेकांनी बोलून दाखविली. एकदा उठविलेल्या माणसास दुसऱ्यांदा उठण्याची भीती अधिक असते, ती उगीच नव्हे.

आपल्या देशबांधवांची वाटही याच पटांगणातून गेली आहे. अमेरिकेने 1965 साली कायदा बदलून आशियाई लोकांस दार मोकळे केले. त्यानंतर न्यू जर्सीतील एडिसन व आयसेलिन येथे ओक ट्री रोडवर भारतीय दुकानदारांनी हळूहळू पेढ्या मांडल्या. आज तेथील मराठी गृहिणीस हिंगापासून कोकमापर्यंत सर्व जिन्नस त्या रस्त्यावर मिळतात. परदेशी नांदणाऱ्या आपल्या लेकीसुनांचे स्वयंपाकघर अशा साध्यासुध्या दुकानांवर चालते.

यावरून घेण्याचा बोध एवढाच की, व्यापाराचा अंकुर संगमरवरी दालनात क्वचितच फुटतो; त्याला स्वस्त, जुनी आणि ओबडधोबड जागा मानवते. आपल्या गावच्या जुन्या पेठा पाडून टोलेजंग संकुले उभारताना हे विसरून चालणार नाही. नव्या इमारतीत जुन्या दुकानदारास परवडेल असा लहान गाळा ठेवावा, आणि ज्यास शक्य असेल त्याने चार भावांत मिळून का होईना, आपल्या गाळ्याची मालकी संपादावी. क्लॅरेंडनच्या दुकानदारांपाशी कष्ट होते, सचोटी होती, गिऱ्हाईकही होते. नव्हती ती केवळ पायाखालची जमीन. ज्ञातिबांधवांनी, विशेषतः व्यवसायात नव्याने पडणाऱ्या तरुणांनी, या इतिहासाचे मनन करावे, ही विनंती.